ज्ञानेश्वरीतील ‘गुप्त संकेत’ शोधणारी संगणक प्रणाली : देवस्थान समितीने काय विचारावे?

खाडीकाठ (गुहागर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या देवस्थान समितीचे काम मी पाहतो आणि समितीपुढे आलेल्या एका प्रस्तावाविषयी जाणकारांचे मत मला हवे आहे.

यंदाच्या हरिनाम सप्ताहात मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी सभामंडपात पडदा लावून लॅपटॉपवर एक प्रणाली चालवून दाखवली. तीत ज्ञानेश्वरीचा संपूर्ण मजकूर भरलेला आहे. ओव्यांमधील मोकळ्या जागा, दंड, काना, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार काढून टाकून, जोडाक्षरे फोडून, केवळ व्यंजनांची एक सलग माळ केलेली आहे. या माळेतून एखाद्या ठिकाणी सुरुवात करून समान अंतरावरची व्यंजने उचलत गेले, म्हणजे दर दोनशेतेरावे किंवा दर सातशेवे, की त्यांतून भविष्यातील घटनांची नावे उमटतात, असा त्यांचा दावा आहे. त्यांनी चक्रीवादळाचे ‘निसर्ग’ हे नाव दिले आणि पडद्यावरच्या अक्षरांच्या चौकटीत न, स, र, ग ही चार व्यंजने एकाखाली एक लाल वर्तुळांत उभी राहिली. जवळच निळ्या वर्तुळांत २०२० हे वर्ष कटपयादी पद्धतीने, म्हणजे व्यंजनांना अंक मानण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीने, दिसत होते. जून २०२० मध्ये ज्यांच्या नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, ती माणसे समोर बसली होती. त्यांपैकी कित्येकांनी हात जोडले. मी मात्र कडेला बसलो असल्यामुळे मला एवढे दिसले, की शब्द उभा येईपर्यंत ते गृहस्थ चौकटीची रुंदी कमी-जास्त करणारी पट्टी सरकवत होते.

आता त्यांचा प्रस्ताव असा आहे, की समितीने या प्रणालीचे वार्षिक शुल्क भरावे आणि त्या बदल्यात ते गावातील प्रत्येक घराचे आडनाव व आमच्या खाडीविषयीचे संकेत शोधून देतील. ज्येष्ठ सभासदांचा कल होकाराकडे आहे. मी नास्तिक नाही आणि ज्ञानेश्वरीचे पारायण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालते. परंतु देवस्थानचा पैसा खर्चायचा असेल, तर या पद्धतीला काही शास्त्रीय आधार आहे का, आणि नसेल तर कोणाचाही उपमर्द न करता ते सभेत कसे तपासून दाखवावे, याविषयी मार्गदर्शन करावे.

अंशछेद (रत्नागिरी) यांचे उत्तर

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. तुम्ही वर्णन केलेली पद्धत आपल्याकडची नाही. ती हिब्रू बायबलच्या अभ्यासातून आलेली आहे, म्हणून तिची हकीकत आधी सांगतो.

विसाव्या शतकात मायकेल वाइसमांडल या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी), संगणक नसताना, हाताने अक्षरे मोजून हा शोध घेतला. ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथात पहिल्या ‘ताव’ या अक्षरापासून दर पन्नासावे अक्षर घेतले की ‘तोरा’ (ज्यूंच्या धर्मग्रंथाचे नाव) हा शब्द मिळतो, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पुढे संगणक आले आणि डोरोन विट्झटम, एलियाहू रिप्स व योआव रोझेनबर्ग यांनी १९९४ साली ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. उत्पत्ती ग्रंथाच्या ७८,०६४ अक्षरांत प्रसिद्ध रब्बींची नावे आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तिथी अपेक्षेपेक्षा एकमेकांच्या जवळ आढळतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ साली मायकेल ड्रॉस्निन या पत्रकाराने ‘द बायबल कोड’ हे पुस्तक लिहून त्याला भविष्यकथनाचे रूप दिले. इस्रायलचे पंतप्रधान रबीन यांच्या १९९५ मधील हत्येची सूचना ग्रंथात होती, हा त्यातला मुख्य दावा. एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो, की स्वतः रिप्स यांनी त्याच वर्षी जाहीर निवेदन काढून या भविष्यकथनाशी आपण सहमत नसल्याचे सांगितले होते.

ड्रॉस्निन यांनी आव्हान दिले होते, की ‘मोबी डिक’ या कादंबरीत एखाद्या पंतप्रधानाच्या हत्येचा संदेश टीकाकारांनी दाखवला, तर मी त्यांचे म्हणणे मान्य करीन. ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियातील गणितज्ञांनी त्या कादंबरीवर हीच पद्धत चालवली. देवमाशाच्या शिकारीच्या त्या गोष्टीत त्यांना इंदिरा गांधी, मार्टिन ल्यूथर किंग, ट्रॉट्स्की आणि खुद्द रबीन यांच्या हत्यांचे ‘संकेत’ मिळाले.

असे का होते, याचा हिशेब तुमच्या ज्येष्ठांना फळ्यावर मांडून दाखवता येईल. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. ढोबळ मानाने त्यांत अडीच लाख व्यंजने धरू. (जोडाक्षरे फोडल्यावर ती याहून अधिकच भरतील.) सुरुवात यांपैकी कोठूनही करता येते, अंतर एकपासून हजारापर्यंत कोणतेही घेता येते, आणि वाचन पुढून किंवा मागून करता येते. म्हणजे तपासण्याच्या जागा झाल्या अडीच लाख गुणिले हजार गुणिले दोन, अर्थात पन्नास कोटी. एखादे प्रचलित व्यंजन दर वीस व्यंजनांत एकदा येते असे मानले, तर ठरावीक चार व्यंजने ठरावीक क्रमाने जुळून येण्याची शक्यता एक लाख साठ हजारांत एक. पन्नास कोटींना एक लाख साठ हजारांनी भागा : सुमारे तीन हजार शंभर. एखादे व्यंजन विरळ असेल तर आकडा काहीसा उतरेल, पण ‘निसर्ग’ हजारांच्या आसपास वेळा सापडला नाही तरच मला आश्चर्य वाटेल. पाच व्यंजनांचा शब्द याच हिशेबाने दीडशे वेळा मिळेल. तुमच्या गावातील एकही आडनाव रिकाम्या हाताने परतणार नाही, हे त्या गृहस्थांना पक्के ठाऊक असणार.

शेजारी दिसलेल्या वर्षाचे काय? कटपयादीत दोन या अंकासाठी ख, ठ, फ, र ही चार व्यंजने चालतात आणि शून्यासाठी ञ व न ही दोन. त्यामुळे २०२० हा आकडा चार गुणिले दोन गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे चौसष्ट प्रकारांनी लिहिता येतो आणि त्यांपैकी कोणताही मिळाला तरी तो संकेत ठरतो. चौकटीची रुंदी बदलण्याचे तुमचे निरीक्षण तर फार मोलाचे आहे. रुंदी ही शब्दाच्या अंतराइतकी केली की तो शब्द उभा दिसणारच; आणि ‘निसर्ग’च्या शेकडो जागांपैकी ज्या जागेशेजारी वर्ष आले, तेवढीच पडद्यावर आणली की पाहणाऱ्याला बाकीच्या जागांचा पत्ताही लागत नाही.

अशी प्रणाली आमचे द्वितीय वर्षाचे विद्यार्थी एका दुपारी लिहितात. तिच्यासाठी शुल्क भरण्याची गरज नाही, हे जाता जाता.

पदक्रम (राजापूर) यांचे उत्तर

हिशेबाचे काम अंशछेद यांनी केले आहेच. मी ग्रंथाच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

ही सारी पद्धत मजकुरातील प्रत्येक अक्षर आपल्या जागी अढळ आहे, या गृहीतावर उभी आहे. एक व्यंजन वाढले किंवा गळले, की त्या जागेला ओलांडून जाणाऱ्या साऱ्या माळा कोसळतात. ज्ञानेश्वरीचा इतिहास पाहा. ग्रंथ सिद्ध झाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. पुढे पाठभेद इतके माजले, की शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांना बसून प्रत शुद्ध करावी लागली, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालील तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, असे बजावावे लागले. त्यानंतरही राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत आणि साखरेमहाराजांची प्रत यांत ओव्यांची संख्या जुळत नाही, शब्दांची रूपे जुळत नाहीत. मग माउलींनी संकेत ठेवला तो कोणत्या प्रतीत? त्या गृहस्थांनी मजकूर कोठून घेतला, हे तुमच्यापैकी कोणी विचारले का? संगणकावर फिरणारे ज्ञानेश्वरीचे बरेच मजकूर हौशी मंडळींनी टंकलेले आहेत. टंकलेखकाच्या हातून सुटलेल्या एका ‘त’वर जर चक्रीवादळाचे भाकीत अवलंबून असेल, तर त्याचे श्रेय टंकलेखकाला द्यावे लागेल.

अक्षर न् अक्षर जपण्याची परंपरा आपल्याकडे आहे, पण ती वेदपठणाची. जटापाठात दोन पदे सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ अशी म्हटली जातात; घनपाठात तिसरे पद गुंफून तीच क्रिया वाढत जाते. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, असा घनाचा क्रम आहे. लहानपणी गुरुजींसमोर हे म्हणताना एक स्वर चुकला की पुढच्या फेरीत आपोआप उघडा पडत असे. त्यासाठीच ती योजना आहे. मजकूर बिघडू नये म्हणून घातलेली ही कुंपणे आहेत आणि कुंपणाच्या आत कोणी तिसरा निरोप पुरून ठेवल्याचे कोणत्याही गुरुपरंपरेत सांगितलेले मला माहीत नाही.

शोधार्थी (कुडाळ) यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांतील सूर मला थोडा घाईचा वाटतो. १९९४ चा निबंध एखाद्या रविवार पुरवणीत छापलेला नव्हता. तो तज्ज्ञांनी तपासून मग प्रसिद्ध झाला, त्यातील निष्कर्ष योगायोगाने येण्याची शक्यता पन्नास हजारांत एक इतकी अल्प निघाली होती, आणि रिप्स हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील नामांकित गणितज्ञ होते. दुसरे असे, की आपल्या पूर्वजांनी अक्षरांत संख्या दडवल्या हे तर सर्वमान्य आहे. केरळचे कवी मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांच्या ‘नारायणीयम्’ या संस्कृत स्तोत्राचा शेवट ‘आयुरारोग्यसौख्यम्’ या शब्दाने होतो आणि कटपयादीने त्यातून १७१२२१० ही कलियुगारंभापासूनची दिवससंख्या मिळते. तीच ग्रंथसमाप्तीची तिथी. महाभारताचे ‘जय’ हे नावसुद्धा ज म्हणजे आठ व य म्हणजे एक, उलट वाचून अठरा, अर्थात अठरा पर्वे. एवढी योजकता ज्यांच्याकडे होती, त्यांनी याहून खोल काही केलेच नसेल, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? ते गृहस्थ पैसे मागतात हा वेगळा प्रश्न झाला. त्यामुळे विषयच निकालात काढू नये.

अंशछेद (रत्नागिरी) यांचे उत्तर

शोधार्थी, निबंधाविषयीचे तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे उत्तरही त्याच दर्जाचे द्यायला हवे. परीक्षक चक्रावले होते, हे खरे; म्हणूनच संपादक रॉबर्ट कास यांनी तो वाचकांपुढे एक आव्हानात्मक कोडे म्हणून ठेवला होता, सिद्ध झालेले सत्य म्हणून नव्हे. ते कोडे १९९९ साली त्याच नियतकालिकात सुटले. मॅके, ड्रॉर बार-नातान, माया बार-हिलेल आणि गिल कलाई यांनी नावांच्या यादीवर बोट ठेवले. प्रत्येक रब्बीला अनेक नावे, उपाधी, ग्रंथांवरून पडलेली ओळख. हिब्रूत त्यांची वर्णरचनाही वेगवेगळी. यांतील कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची, याला पुरेसा वाव होता. तोच वाव वापरून त्यांनी ‘वॉर अँड पीस’ या कादंबरीच्या हिब्रू भाषांतरात तितकाच ‘चमत्कारिक’ परिणाम काढून दाखवला. टॉलस्टॉय यांना मध्ययुगीन रब्बींची पुण्यतिथी ठाऊक होती, असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडचा वाव तर याहून मोठा आहे. मे २०२१ मध्ये किनाऱ्यावरून गेलेल्या वादळाचे नाव मराठी वर्तमानपत्रांनी तौक्ते, ताउक्ते, तौते असे निरनिराळे छापले. यांतील जे सापडेल ते खरे मानायचे का? शिवाय वादळाला नाव कसे पडते तेही पाहा. उत्तर हिंदी महासागराभोवतीचे तेरा देश प्रत्येकी तेरा नावे देतात. अशी १६९ नावांची यादी एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली. तिच्यातले पहिलेच नाव बांगलादेशाने दिलेले ‘निसर्ग’ होते, म्हणून अम्फान या वादळानंतर जे वादळ तयार झाले त्याला ते मिळाले. ते वादळ दोन आठवडे उशिरा ओडिशाकडे तयार झाले असते, तरी नाव निसर्गच राहिले असते. म्हणजे माउलींनी कोकणावरील संकटाची सूचना दिली असे मानायचे, तर त्यांनी वादळांच्या नावांच्या यादीचा अनुक्रम कळवला आणि वादळाचा मार्ग मात्र सांगितला नाही, असे म्हणावे लागते.

कटपयादीचे उदाहरण तुम्ही दिलेत ते बरे झाले, कारण फरक तेथेच आहे. ‘आयुरारोग्यसौख्यम्’ वाचण्याची किल्ली ग्रंथाच्या आधीपासून सर्वांच्या हातात होती : कोणत्या व्यंजनाचा कोणता अंक, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. कोणीही केव्हाही वाचले तरी उत्तर एकच येते. पडद्यावरच्या चौकटीत किल्ली दर शब्दाला नवी आहे. आज अंतर २१३, उद्या ७०१.

गुरववाडी (मालवण तालुका) यांचे उत्तर

आमच्या सासरी देवळातील पूजेअर्चेचा मान पिढीजात आहे, म्हणून एक वेगळी बाब मांडते. दादा, तुमच्या ज्येष्ठ सभासदांना पन्नास कोटींचा हिशेब पटेल न पटेल, परंतु कौल लावणे काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आमच्याकडे कौल लावताना आधी गाऱ्हाणे घालतात. काय विचारायचे आहे ते सर्वांसमक्ष, स्पष्ट शब्दांत बोलले जाते. मग देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या जातात. उजवी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार, हे पाकळी लावण्यापूर्वी ठरलेले असते. पाकळी पडल्यानंतर कोणी ‘मी खरे तर दुसरेच विचारले होते’ असे म्हणू लागला, तर त्याला मानकरी उभे करणार नाहीत. कौलावर ज्याचा त्याचा विश्वास, त्याविषयी येथे वाद नको. पण पद्धत तरी सरळ आहे. तुमच्या सभामंडपात झाले ते उलट. पाकळी पडली २०२० साली, आणि गाऱ्हाणे घातले गेले आता. ज्येष्ठांना एवढेच विचारा, की असा कौल आपल्या देवळात चालेल का.

त्यांच्याकडून खरी परीक्षा घ्यायची असेल, तर प्रश्न आधी घ्या. पुढील पावसाळ्यातील कोणती तारीख, कोणते गाव, कोणते नाव, ते त्यांनी आज कागदावर लिहून सही करून द्यावे आणि तो कागद समितीच्या कपाटात राहू द्यावा.

शोधार्थी (कुडाळ) यांचे उत्तर

ताईंचा मुद्दा मला मान्य आहे. परीक्षा झाली पाहिजे आणि ती आधी ठरवलेली असली पाहिजे. मात्र ती प्रामाणिकपणे व्हावी. केवळ त्या गृहस्थांची फजिती करण्यासाठी नको. विषयात काहीच नाही हे मी अजूनही म्हणणार नाही.

खाडीकाठ (गुहागर तालुका) यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ज्येष्ठ सभासदांपैकी दोघांशी मी गुरववाडी यांच्या मुद्द्यावर बोललो. त्यांपैकी एक स्वतः मानकरी आहेत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “आधी गाऱ्हाणे होऊ दे.” त्यामुळे सभेत ठेवण्यासाठी पुढील मसुदा केला आहे, त्यात काही उणे असल्यास सांगावे.

शुल्काचा विषय परीक्षा होईपर्यंत तहकूब राहील. मजकूर कोणत्या प्रतीचा घ्यायचा, जोडाक्षरे व अनुस्वार यांचे काय करायचे आणि अंतराची मर्यादा किती, हे त्या गृहस्थांनी आधी लिहून द्यावे व नंतर बदलू नये. शोधायचे शब्द समिती देईल. त्यांत घडलेल्या घटनांबरोबर कधीच न घडलेल्या घटनांचे शब्दही असतील आणि कोणते कोणत्या प्रकारचे, हे त्यांना सांगितले जाणार नाही. अंशछेद यांना विनंती आहे, की ज्ञानेश्वरीच्याच ओव्यांचा क्रम यदृच्छेने ढवळून एक दुसरा मजकूर तयार करून द्यावा. एकाच शब्दासाठी दोन्ही मजकुरांत किती जागा सापडतात, त्या साऱ्या मोजून मांडायच्या, निवडक एक नव्हे. आडनावांचा शोध कोणाच्याही घरासाठी केला जाणार नाही. कारण एखाद्या घराच्या नावाशेजारी ‘मरण’ हा तीन व्यंजनांचा शब्द आला, आणि वरच्या हिशेबाने तो येणारच, तर त्या घरातील म्हाताऱ्यांची झोप उडेल आणि ती आम्हाला परत देता येणार नाही.

पदक्रम यांना एकच विचारायचे आहे : प्रत राजवाड्यांची ठेवावी की साखरेमहाराजांची? गावात पारायणाला साखरेमहाराजांची असते.

पदक्रम (राजापूर) यांचे उत्तर

पारायणाला जी असते तीच ठेवा, म्हणजे सभेत कोणालाही पोथी उघडून पडद्यावरची ओवी पडताळता येईल. मात्र परीक्षा दोन्ही प्रतींवर घ्यावी आणि त्याच अंतरावर तोच शब्द दोन्हींत येतो का, ते पाहावे. राजवाडे प्रत माझ्याकडे आहे. सभेची तारीख कळवल्यास घेऊन येतो. टंकलेला मजकूर पोथीशी ताडण्याला वेळ लागेल, तेव्हा निदान नववा अध्याय तरी आधी पाठवावा.